बहीजाचं पळालेलं पान

अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बे वस्तीतल्या त्या चार मजली इमारतीत शुक्रवारी घड्याळ बघायची गरज कुणाला पडत नसे. नमाज आटोपून पुरुष मंडळी जिन्यात चपला वाजवायला लागली, की थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून 'हाऽऽ!' असा मोठ्यानं श्वास ओढल्याचा आवाज यायचा. दाराआडून कुणी भॉ केल्यावर माणूस दचकतं ना, अगदी तसा. नवख्याला वाटावं, वर कुणाला काही झालं. जुने भाडेकरू मात्र ताटं मांडायला घ्यायचे. इन्शिराहची मुलूखिया झाली, म्हणजे दीड वाजला.

मुलूखिया म्हणजे एक पालेभाजी; तिच्या हिरव्यागार रश्श्यात लसूण-धण्याची फोडणी ओतताना बाईनं असा शहका टाकायचा, ही काही एकट्या इन्शिराहची खोड नव्हे. सगळ्या इजिप्तभर बायका टाकतात. पण कुणी पुटपुटल्यासारखा टाकतं, कुणी लाजत लाजत. इन्शिराहचा शहका रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचा. चौतीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडण्यात घालवलेली बाई ती; आवाज दाबून बोलणाऱ्याचा तिथं निभावच लागत नव्हता. हाताखालच्या पोरी तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायच्या, आणि मग सगळी गल्लीच तिला अब्ला म्हणायला लागली. फोनवरचा माणूस उभा आहे की बसलाय, जेवलाय की उपाशी, खरं बोलतोय की थापा मारतोय, हे तिला पहिल्या 'हॅलो'ला कळायचं. नवऱ्याच्या बाबतीत ही विद्या उपयोगी पडली नाही असं ती म्हणायची. तो जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याच्याबद्दल ती तेवढंच बोलायची.

शहका तिच्याकडे आला आईकडून. आई, बहीजा, मूळची रशीद गावची. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं. जन्मभर जिथं सही लागली तिथं तिनं अंगठा उठवला. पण हाताची चव अशी, की लग्नघरची माणसं तिला बोलवायला गाडी घेऊन यायची. शेवटची सात वर्षं ती लेकीकडे राहिली, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी नर्मीन नावाची एक मुलगी रेकॉर्डर घेऊन दारात उभी राहिली. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून त्यांचे पदार्थ जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आणि त्याचं ई-बुक करायचं, असा तिचा बेत होता.

"लग्न झालंय का तुझं?" बहीजानं आधी विचारलं. "नाही? मग हे काय करत फिरतेस?" आणि एवढं बोलून पुढचे दोन दिवस तिला जागचं हलू दिलं नाही.

पुस्तक निघालं, त्याचं नाव 'आयांची पातेली'. कागदावर नाहीच, नुसतं पडद्यावर वाचायचं. इन्शिराहची भाची गीहान तिच्याकडेच राहायची. भावाची मुलगी, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. तिनं त्याच दिवशी आत्याच्या टॅबवर ते विकत घेतलं आणि आजीसमोर धरलं.

"हे बघ आजी, हे तुझं नाव. रशीदच्या बहीजा अब्दुल-आल."

बहीजानं हात झग्याला पुसला आणि बोट नावावर टेकवलं. टेकवलं मात्र, पान उलटलं. नावाच्या जागी कुणाच्या तरी भरल्या वांग्यांचा फोटो.

"पळालं की गं!" म्हातारी ओरडली. "उभ्या जन्मात एकदा नाव लागलं, तेही पळालं!"

गीहान हसून हसून लोळली. पान परत आणलं. त्यानंतर बहीजा रोज ते उघडून मागायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, दुकानातली काच बघावी तशी बघत उभी राहायची. बोट पुन्हा कधी लावलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

तेव्हापासून इन्शिराहचा शुक्रवारचा नेम ठरला. साखरेच्या डब्याला टॅब टेकवायचा, आईचं पान उघडायचं, आणि मग विस्तव पेटवायचा. कृती पाठ होती, त्यासाठी नव्हे. आई बाजूला बसून बडबड करतेय असं वाटायचं, म्हणून. नर्मीननं खरोखरच शब्द न् शब्द उतरवला होता:

'मी रशीदची बहीजा, अब्दुल-आलची लेक. मला वाचता येत नाही, तेव्हा ही पोरगी काही चुकीचं लिहील तर ते तिचं. सशाचा रस्सा खदखदला की पाला घाल. ढवळत बसू नकोस, पाल्याला गुदगुल्या आवडत नाहीत. लसूण-धणे तुपात तांबूस झाले, शेजारणीला वास कळला, की कढलं उचल, पातेल्यात ओत आणि शहका टाक. कुणी भॉ केलं तर जेवढा श्वास आत जातो तेवढा. श्वास आत गेला की विस्तव बंद. त्याच्यावर एक उकळी जास्त आली तर पाला तळाला बसेल, आणि तूही बस मग रडत. झाकण? झाकण ठेवलंस तर मी कबरीतून उठून येईन.'

तीन वर्षं हे असं चाललं. मग या वसंतातल्या एका शुक्रवारी इन्शिराहनं टॅब टेकवला, पान उघडलं आणि चष्मा पुसला. मग परत पुसला.

वर लिहिलं होतं, 'हलकी मुलूखिया, चार जणांसाठी'. ससा नव्हता, कोंबडीच्या छातीचे तुकडे होते. तूप नव्हतं, एक चमचा तेल होतं. 'मिश्रण झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटे उकळावे.' शहका नव्हता. रशीद नव्हतं. बहीजा अब्दुल-आल कुठंच नव्हती.

"गीहान! काय दाबलंस तू?"

"मी कशाला काय दाबू, आत्या?"

"मग माझी आई कुठं गेली?"

गीहान ओल्या केसांनी धावत आली. इकडचं पान तिकडे करून पाहिलं, पुस्तक बंद करून उघडलं. मग खाली मान घालून म्हणाली, "आत्या, त्यांनी बदललंय. प्रकाशकांनी. ते त्यांच्याकडे बदलतात, आणि आपला टॅब नेटला लागला की आपल्याकडचं आपोआप बदलतं."

"पण आपण विकत घेतलंय ना?"

"हो."

"म्हणजे मी बाजारातून पातेलं आणायचं, आणि दुकानदारानं तीन वर्षांनी माझ्या घरात शिरून त्यात पाणी ओतून जायचं?"

"तसंच काहीसं."

"मला न विचारता?"

त्या शुक्रवारी मुलूखिया झाली, पण शहका असा बारीक निघाला की इस्त्रीवाल्यानं वर बघून विचारलं, अब्लाला बरं नाही का? इन्शिराहला खरंच बरं वाटत नव्हतं. आईच्या मागे घरात राहिलं होतं काय? एक शाल, पाला चिरायची दोन मुठींची सुरी, आणि हे पान, ज्याच्यात ती बोलायची. शाल काही बोलत नाही.

शुक्रवार-शनिवार कचेऱ्या बंद. रविवारी सकाळी नऊ वाजून एक मिनिटानं इन्शिराहनं कैरोला प्रकाशकांच्या कचेरीत फोन लावला. तीन माणसांनी तिला एकमेकांकडे ढकललं. एक्स्चेंजवालीला असं ढकलून काय होणार? चौथ्या खेपेला तिनं नेमका हवा तो माणूस गाठला. शेहाब नावाचा संपादक. वय तिशीच्या आत, पोटात नाश्ता नाही, आणि मनानं वाईट नाही, एवढं तिला 'हॅलो'तच कळलं.

"मॅडम, ती सुधारित आवृत्ती आहे," शेहाब म्हणाला. "वाचकांच्या तक्रारी होत्या. 'भॉ केल्यावर जेवढा श्वास' हे काय माप झालं? ग्रॅम हवेत, मिनिटं हवीत. आणि सगळ्या आज्यांच्या गप्पा काढल्यामुळे पुस्तक छान आटोपशीर झालं."

"त्या गप्पांमध्ये माझी आई होती, बाळा."

शेहाब नरमला. "जुनी फाइल असती तर मी काहीतरी केलं असतं. पण आम्ही एकावर एक चढवत जातो, जुनी आमच्याकडे राहिलेली नाही. नर्मीन मॅडम परदेशात गेल्या, त्यांचा पत्ता लागत नाही. आणि एक सांगू का? आता हे कागदावर येतंय. गुरुवारी छापखान्यात जाणार."

"हेच? दहा मिनिटं झाकणवालं?"

"हेच. तुमच्याकडे जुनं पान असेल तर बुधवारपर्यंत पाठवा. आठवणीतून लिहून पाठवू नका, मॅडम. उद्या साठ बायकांच्या साठ लेकी आठवणीतून लिहून पाठवतील. जे आधी पुस्तकात होतं ते दाखवा, मी साहेबांशी भांडतो."

इन्शिराहनं फोन ठेवला. आईचं नाव पडद्यावरून गेलं ते गेलंच, आता कागदावरही आयुष्यभरासाठी नसणार होतं. तिनं ते गीहानला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फुटला. टेलिफोनवालीचा आवाज फुटलेला गीहाननं पहिल्यांदाच ऐकला.

"आत्या," गीहान एकदम म्हणाली, "वदी उस्ताद!"

"त्या माणसाचं नाव काढू नकोस."

"ऐक तर. मी त्यांनाही हेच पुस्तक घालून दिलं होतं, तुला आठवतं? टॅब घेऊन वर आले होते, आपल्या वायफायवर. त्यांच्या घरी तर नेटच नाही. तीन वर्षांत त्यांचा टॅब नेटला लागलेलाच नाही!"

वदी उस्ताद म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ट्राम इन्स्पेक्टर. बायको लिंडा गेलेली, मुलगी मेलबर्नला. 'सगळं जग घरात कशाला बोलवायचं?' असं म्हणून त्यांनी कधी इंटरनेट घेतलं नाही, आणि जाड भिंतींमुळे वरचं वायफाय त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. पुस्तक त्यांनी घेतलं होतं ते बहीजा काय काय विसरलीय हे शोधायला, कारण त्यांच्या मते मुलूखिया करावी ती त्यांच्या लिंडानं, कोलंबी घालून. तरीही बहीजा होती तोवर आणि नंतरही दर आठवड्याला तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेल्या टोपलीतून त्यांच्या गॅलरीत मुलूखियाचा वाडगा उतरायचा. ते ख्रिस्ती, शुक्रवारी त्यांचा उपास, म्हणून शनिवारी. आणि रिकामा वाडगा वर जाताना त्यात कधी लिंबं असायची, कधी पेरू.

मग दोन वर्षांपूर्वी एकदा उस्ताद गॅलरीत उभे राहून भाजीवाल्याला म्हणाले, "तो शहका काय खरा असतो? टेलिफोनवाली बाई, आवाज काढायची सवय." तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या कानाची ख्याती ते विसरले होते. त्या शनिवारपासून टोपली उतरली नाही. ना त्यांनी विचारलं, ना हिनं सांगितलं. जिन्यात भेटले तर दोघंही पायऱ्या मोजायचे.

"मी मागायला जाणार नाही," इन्शिराह म्हणाली.

"मग मी जाते."

"तू गेलीस म्हणजे मीच गेल्यासारखं आहे." तिनं बराच वेळ आईच्या सुरीकडे बघितलं. "सोमवारी त्यांचा उपास नसतो ना?"

सोमवारी दुपारी इमारतीत 'हाऽऽ!' घुमला आणि सगळ्यांची धांदल उडाली. दुसऱ्या मजल्यावरची सून सासूला विचारायला लागली, आज शुक्रवार आहे का? तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून टोपली हलत हलत खाली गेली आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी थांबली. आत झाकलेला वाडगा, वर पाव, आणि एक चिठ्ठी: 'वदी उस्ताद, तुमच्या टॅबमध्ये माझ्या आईचं पान असेल. माझ्याकडचं प्रकाशकांनी पुसलं. जरा बघता का.'

बराच वेळ काहीच झालं नाही. मग गॅलरीचं दार उघडलं, टोपली आत गेली, दार लागलं. इन्शिराह वर दोरी धरून उभी. खालून चमच्याचा आवाज आला. उस्ताद आधी जेवत होते! तिनं दात-ओठ खाल्ले, पण दोरी सोडली नाही.

शेवटी खालून हाक आली.

"सित्त इन्शिराह!"

सित्त, म्हणजे बाई, असं आदरानं म्हणून दोन वर्षांनी त्यांनी तिचं नाव घेतलं होतं.

"बोला."

"मीठ किंचित कमी आहे."

"पान आहे का नाही, ते सांगा!"

"आहे. सगळं आहे. झाकण ठेवलंस तर कबरीतून येईन, तेसुद्धा आहे. गुडघ्यामुळे जिना चढवत नाही मला, टोपलीत घालतोय. उघडंच ठेवलंय पान. बंद पडलं तर चालू करायला तासभर घेतं हे यंत्र. ओढा!"

इन्शिराहनं ओढायला सुरुवात केली. इतक्या आनंदानं तिनं कधी काही ओढलं नसेल. टोपली दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला घासून वर यायला लागली, आतला पडदा उन्हात चमकायला लागला, आणि नेमकी तेव्हा गीहान दुकानातून जेवायला घरी आली. तिनं दारातूनच आत्याला बघितलं, धावत येऊन कठड्यावरून टोपलीत डोकावलं आणि किंकाळी फोडली.

"आत्या, थांब! ओढू नकोस! आपलं वायफाय चालू आहे, तो टॅब ओळखतो त्याला! आपोआप जोडला जाईल!"

आणि इन्शिराहच्या तोंडून शहका निघाला. खरा. बनवलेला नाही, सवयीचा नाही, पोटातून आलेला. श्वास आत गेला आणि तिथंच राहिला. दोरी हातात घट्ट, टोपली दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत. खाली उस्ताद वर मान करून उभे, पलीकडे इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उभा. घरात गीहान धडपडत कपाटामागं शिरली, काहीतरी पडलं, काहीतरी फुटलं, आणि मग तिचा आवाज आला, "काढलं! वायर काढली! ओढ आता!"

इन्शिराहनं श्वास सोडला. उरलेली टोपली तिनं अशी वर आणली, जशी काही तिच्यात अंडी आहेत. पडद्याकडे बघायचा धीर होईना. गीहाननं बघितलं.

"मी रशीदची बहीजा," गीहाननं वाचलं, "अब्दुल-आलची लेक."

इन्शिराह गॅलरीतल्या स्टुलावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. खालून उस्ताद ओरडत होते, काय झालं, काय झालं ते सांगा कुणीतरी! गीहान पानाचे फोटो काढत होती, एक, दोन, सात, वरून, बाजूनं. मग वाकून म्हणाली, "आहे, उस्ताद! तुमच्या कंजूषपणानं वाचवलं!"

"कंजूषपणा नाही, शिस्त!" खालून उत्तर आलं. आणि मग पडलेल्या आवाजात, "सित्त इन्शिराह, मघाचा तो शहका... तो खरा होता."

"तो नेहमीच खरा असतो," इन्शिराहनं नाक पुसत सांगितलं.

फोटो गेले. मंगळवारी दुपारी शेहाबचा फोन आला. आवाज उत्साहाचा, पण मागं काहीतरी लपवलेलं. तिनं लगेच ओळखलं.

"साहेब तयार झालेत. पानावर तुमच्या आईंचं नाव टाकतो, 'रशीदच्या बहीजा अब्दुल-आल'. वरच्या दोन ओळीही राहू देतो. कृती मात्र नवीच राहील. शहका ही काही कृती नाही, लोक हसतील असं साहेब म्हणतात. दहा मिनिटं, मध्यम आच."

"झाकण ठेवून?"

"झाकण ठेवून."

"म्हणजे नाव माझ्या आईचं, आणि खाली बसलेली मुलूखिया?" इन्शिराहचा आवाज चढला. "उद्या नवी नवरी हे वाचून करेल, पाला तळाला जाईल, वर पाणी तरंगेल, आणि सासू विचारेल, हे कुणी शिकवलं? तर ती म्हणेल, बहीजानं! त्यापेक्षा नाव काढून टाक. माझी आई पुस्तकात नसलेली चालेल. असली फजिती नको."

"मॅडम, बहुतेक वाचकांना..."

"तुला करता येते का मुलूखिया?"

"नाही. मी एकटा राहतो."

"दुकानातून गोठवलेल्या पाल्याची दोन पाकिटं आण. दोन पातेली घे. संध्याकाळी घरी गेलास की फोन लाव आणि तो चुलीजवळ ठेव."

का कोण जाणे, शेहाबनं ऐकलं. एक्स्चेंजमधल्या सगळ्या पोरींनीही असंच ऐकलं होतं. सहा वाजता फोन आला. एका पातेल्यात त्यानं पुस्तकाप्रमाणे केलं: झाकण, दहा मिनिटं. दुसऱ्याच्या वेळी इन्शिराह अलेक्झांड्रियात डोळे मिटून, रिसीव्हर कानाला दाबून बसली. पलीकडचं पातेलं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"खदखदतंय. पाला घाल. ढवळू नको!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चमचा वाजला. आता लसूण. अजून कच्चा आहे, चुरचुर ऐकू येतेय. थांब. थांब. आता झाला, ओत!"

चर्रर्र झालं, आणि इन्शिराहनं फोनमध्ये शहका टाकला. त्या 'हाऽऽ'नं पलीकडे शेहाब खराखुरा दचकला.

"बंद कर!"

त्यानं बंद केलं. गॅसचा सूंऽ थांबलेला तिला ऐकू आला. मग चमच्याचा आवाज. पहिल्या पातेल्यात एकदा, दुसऱ्यात एकदा. दुसऱ्यात परत.

"काय झालं?"

"पहिल्यातला बसलाय," शेहाब म्हणाला. "खाली चिखल, वर पाणी. आणि हा... हा तसाच आहे. सगळा एकजीव."

"हं."

"माझी आई सोहाग शहरात असते. ती पण असाच आवाज काढते. मला वाटायचं, उगाच करते. बायकांची सवय." परत चमच्याचा आवाज. "अब्ला, ते माप आहे."

मॅडमची अब्ला झाली तेव्हाच इन्शिराहला कळलं की काम झालं. तरी ती सोडणारी नव्हे. "साहेबांना डबा घेऊन जा उद्या. दोन्ही पातेल्यांतला."

"जातो. आणि अब्ला, बाकीच्या आज्यांचं काय करू? अजून एकोणसाठ आहेत."

"वदी उस्तादांच्या टॅबमध्ये सगळ्या आहेत," इन्शिराह म्हणाली. "पण तो टॅब वायफायजवळ न्यायचा नाही, सांगून ठेवते. फोटो गीहान काढेल."

गीहाननं बुधवारी दुकानातून रजा काढली आणि पहिल्या मजल्यावर बसून दोनशे चौदा पानांचे फोटो काढले. वदी उस्ताद खुर्ची टाकून पहारा देत होते. दुसऱ्या मजल्यावरची सून फोन हातात घेऊन सहज विचारपूस करायला आली, तर तिला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. वाटेत कोलंबीचं पान लागलं तेव्हा गीहानला त्यांनी दहा मिनिटं थांबवलं आणि ती कृती सांगणाऱ्या पोर्ट सईदच्या बाईच्या चुका सांगितल्या. पुस्तक छापखान्यात गुरुवारी गेलं नाही, दोन आठवड्यांनी गेलं.

मधल्या एका सकाळी इन्शिराहच्या टॅबवरचं पान गुपचूप परत बदललं. आई साखरेच्या डब्याला टेकून बोलायला लागली. इन्शिराहला बरं वाटलं, पण पूर्वीसारखं बिनघोर नाही. ज्या दारानं आली त्याच दारानं ती परत जाऊ शकते, हे आता तिला ठाऊक झालं होतं. म्हणून शुक्रवारी टॅब उघडण्याआधी ती बिस्मिल्ला पुटपुटायची आणि एका डोळ्यानं बघायची.

कागदाचं पुस्तक आलं ते एका मंगळवारी सकाळी. दोन प्रती, एक इन्शिराहची, एक उस्तादांची. गीहान दुकानात गेलेली. इन्शिराहनं पुडकं कात्रीनं नीट कापलं, सत्त्याऐंशीवं पान काढलं, आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिटून न जाता सपाट राहील असं दाबून ठेवलं. रशीदच्या बहीजा अब्दुल-आल. मोठी, काळी अक्षरं. तिचे हात आपसूक पाठीमागे गेले होते. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मग आलं.

तिनं उजवा हात पुढे आणला, झग्याला पुसला, आणि आईच्या नावावर बोट टेकवलं. दाबलं. सरकवलं. नाव जागचं हललं नाही.

तिच्या तोंडून 'हाऽऽ!' निघाला, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी ताटं वाजवली. पलीकडे इस्त्रीवाल्यानं घड्याळ बघितलं. आणि पहिल्या मजल्यावरून वदी उस्तादांनी खाली सोडलेल्या टोपलीची दोरी जोरजोरात हलवली.

"सित्त इन्शिराह! आज मंगळवार आहे ना? वाडगा आज कसा काय?"

ती गॅलरीत आली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं होतं.

"आज मुलूखिया नाही हो, उस्ताद," तिनं खाली ओरडून सांगितलं. "आई घरी आलीय."